परतावा आपला, किल्ली दुसऱ्याच्या हाती

सुरत हे नाव उच्चारले की मराठी मनात प्रथम उभी राहतात ती १६६४ आणि १६७० ही दोन साले. त्यापुढचे स्मरण १९०७ च्या डिसेंबरातले. तापीच्या काठी काँग्रेसचा मंडप भरला होता, लोकमान्य व्यासपीठावर उभे होते आणि जहाल व मवाळ यांची वाट तेथे वेगळी झाली. परंतु सुरतेच्या इतिहासाला आणखी एक पदर आहे व आजच्या आमच्या विषयाशी त्याचेच नाते अधिक जवळचे आहे. कर आणि करदाता यांच्यातील संबंधाचा प्रश्न या शहराने पुनःपुन्हा विचारलेला आहे. १८४४ मध्ये मिठावरील कर मणामागे आठ आण्यांवरून एक रुपयावर नेण्यात आला, तेव्हा सुरतेचे लोक रस्त्यावर आले आणि सरकारला काही अंशी माघार घ्यावी लागली. १८७८ मध्ये परवाना करावरून तेथे पुन्हा दुकाने बंद झाली आणि दंगल उसळली. शहरापासून फार दूर नसलेल्या बारडोलीने १९२८ मध्ये काय केले हे तर शाळकरी मुलासही ठाऊक आहे.

बारडोलीची गोष्ट सांगताना एक गोष्ट मात्र आपण बहुधा विसरतो. वल्लभभाईंच्या त्या लढ्यातले शेतकरी सारा मुळीच भरणार नाही असे म्हणत नव्हते. वाढवलेला सारा कोणत्या हिशेबाने वाढवलात ते दाखवा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. बावीस टक्क्यांची वाढ चौकशीअंती सुमारे सहा टक्क्यांवर आली ती घोषणांच्या बळावर नव्हे. चौकशी अधिकाऱ्यांपुढे गावोगावचे आकडे मांडले गेले आणि महादेवभाई देसाई व नरहरी परीख यांच्यासारखी माणसे वह्या घेऊन शेतकऱ्याच्या बाजूला बसली, म्हणून ती खाली आली. रास्त तेवढे देऊ, जास्त गेलेले परत मागू आणि दोन्हींचा हिशेब स्वतः समजून घेऊ, हा त्या लढ्याचा अर्थ आहे. शंभर वर्षे होत आली तरी या तीन गोष्टींपैकी तिसरी अजून आपल्या अंगवळणी पडलेली नाही, असे खेदाने म्हणावे लागते.

आज सुरतेत मराठी माणसांची मोठी वस्ती आहे. लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागांतून फिरताना कानावर अहिराणी पडते. श्रावणात घरोघर कानबाई बसते आणि भाद्रपदात गणपती येतात. जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांतून ताप्ती खोऱ्याच्या रेल्वेने आलेल्या पिढ्यांनी या शहराचे माग चालवले आणि साड्यांवर भरतकाम केले. त्यांतलाच एखादा कारागीर डोळ्यांसमोर आणा. मालकाकडची चाकरी सोडून त्याने भरतकामाची एक-दोन यंत्रे घेतली आहेत आणि रिंग रोडवरच्या व्यापाऱ्याकडून तो जॉबवर्क करून देतो. वर्षभरात त्याने सहा लाख वीस हजार रुपयांची बिले केली. व्यापाऱ्याने प्रत्येक बिलातून एक टक्का कर कापून सरकारजमा केला, म्हणजे या कारागिराचे सहा हजार दोनशे रुपये गेले. धागा, वीज, मदतनिसाची मजुरी आणि यंत्राचा हप्ता वजा जाता त्याच्या हाती राहिले अडीच लाखांच्या आसपास. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करपद्धतीत चार लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करच नाही. तेव्हा कापलेले सहा हजार दोनशे रुपये पैन् पै त्याचे आहेत. सरकारकडे ती केवळ ठेव आहे. मागितली तर परत मिळणारी, न मागितली तर तेथेच राहणारी.

तो काय करतो? बहुतेक वेळा काहीच करीत नाही. ‘कापले गेले ते गेले,’ असे म्हणून गप्प बसतो. आणि केलेच, तर गल्लीच्या तोंडाशी ‘यहाँ रिफंड निकाला जाता है’ अशी पाटी लावून बसलेल्या एखाद्या माणसाकडे जातो. पॅन कार्ड आणि आधार कार्ड त्याच्या हाती देतो, मोबाइलवर आलेला आकडा विचारताक्षणी सांगून टाकतो आणि परताव्याचा ठरेल तो हिस्सा कबूल करून घरी येतो. त्याच्या नावाने कोणते विवरणपत्र भरले गेले, त्यात काय लिहिले गेले, संपर्कासाठी कोणाचा पत्ता दिला गेला, यातले त्याला काहीही ठाऊक नसते. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात, तसा हा प्रकार आहे.

येथे एक खुलासा करणे आम्हांस आवश्यक वाटते. सनदी लेखापाल आणि करसल्लागार यांच्या व्यवसायाविषयी आमच्या मनात आदरच आहे. ज्याचा धंदा मोठा आहे, ज्याला हिशेब तपासून घ्यावे लागतात, ज्याने जमीन किंवा घर विकले आहे, त्याने जाणत्याचा सल्ला अवश्य घ्यावा आणि त्याची फी आनंदाने द्यावी. आमचा रोख आहे तो निराळ्या वर्गावर. या माणसाजवळ सनद नसते आणि जबाबदारीही नसते. त्याची कमाई कामावर ठरत नाही, परताव्याच्या आकड्यावर ठरते. ज्याची मिळकत परताव्याच्या टक्केवारीवर अवलंबून, त्याला परतावा फुगवण्याचा मोह न झाला तरच नवल.

हा मोह किती दूर जातो याचे चित्र २०२५ च्या जुलै महिन्यात देशापुढे आले. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने १४ जुलै रोजी देशभरात दीडशे ठिकाणी झडती सुरू केली. गुजरात आणि महाराष्ट्र ही दोन्ही राज्ये त्यांत होती. टक्केवारीवर विवरणपत्रे भरून देणाऱ्या मध्यस्थांच्या टोळ्या पगारदारांच्या नावे न दिलेल्या देणग्या, न फेडलेली कर्जे आणि न झालेले औषधोपचार दाखवून परतावे उकळीत असल्याचे मंडळाने जाहीर केले. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे चाळीस हजार करदात्यांनी आपली विवरणपत्रे दुरुस्त करून १,०४५ कोटी रुपयांच्या खोट्या मागण्या स्वतःहून मागे घेतल्या होत्या. त्या निवेदनातला एक तपशील आम्हांला विशेष अस्वस्थ करणारा वाटला. हे मध्यस्थ शेकडो विवरणपत्रांसाठी तात्पुरते ई-मेल पत्ते उघडीत आणि हंगाम संपला की ते टाकून देत. सरकारी नोटिसा त्या टाकून दिलेल्या पत्त्यांवर जात राहत. ज्याच्या नावाची नोटीस, त्याला तिचा पत्ताच नाही!

या व्यवहारात बळी कोण पडतो तेही हिशेबाने पाहू. जुन्या करपद्धतीने कर भरणारा, वीस टक्क्यांच्या टप्प्यातला एखादा कारखान्यातील पर्यवेक्षक घ्या. मध्यस्थाने त्याच्या नावे एका राजकीय पक्षाला एक लाखाची देणगी दाखवली. वीस हजार कर आणि त्यावरचा चार टक्के उपकर मिळून वीस हजार आठशे रुपयांचा परतावा आला. पाचवा हिस्सा म्हणून चार हजार एकशे साठ मध्यस्थाने घेतले. दोन वर्षांनी चौकशी झाली. आता परत करायचे आहेत वीस हजार आठशे, मध्यस्थाचा हिस्सा धरून. त्यावर व्याज वेगळे. खोटी माहिती दिल्याबद्दल दंड कराच्या दुपटीपर्यंत, म्हणजे एक्केचाळीस हजार सहाशेपर्यंत होऊ शकतो. मूळ रक्कम आणि दंड यांचीच बेरीज बासष्ट हजार चारशे झाली. विवरणपत्राखाली पडताळणी कोणाची? करदात्याची. मध्यस्थ केव्हाच दुसऱ्या गल्लीत गेलेला असतो. ‘मला ठाऊक नव्हते’ हे उत्तर कायद्याच्या दारात चालत नाही.

मग प्रश्न असा की, हे काम खरोखर एवढे कठीण आहे काय? एके काळी होते. परताव्याची मागणी घेऊन कचेरीत खेटे घालायचे, साहेब जागेवर नसला की पुन्हा यायचे, अखेर टपालाने धनादेश येण्याची वाट पाहायची, असा तो काळ होता. सरकारी काम आणि सहा महिने थांब ही म्हण उगीच रूढ झालेली नाही. परंतु ते चित्र पालटले आहे हे मान्य केले पाहिजे. विवरणपत्रांची छाननी आता बंगळुरूच्या केंद्रात यंत्राने होते. २०१३-१४ मध्ये एका विवरणपत्राच्या छाननीला सरासरी त्र्याण्णव दिवस लागत, ते २०२३-२४ मध्ये दहा दिवसांवर आल्याचे अर्थमंत्र्यांनी फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात सांगितले. मार्च २०१९ पासून परतावा थेट बँकेच्या खात्यातच जमा होतो. २०२४-२५ या वर्षात दिल्या गेलेल्या परताव्यांची रक्कम पावणेपाच लाख कोटी रुपयांच्या घरात होती. त्यांत मोठ्या कंपन्यांचा वाटा मोठा असणार हे उघड आहे. पण लिंबायतेतल्या त्या सहा हजार दोनशे रुपयांनाही वाट तीच आहे, आणि त्या वाटेवर सरकार एक पैसाही शुल्क घेत नाही.

ती वाट कशी आहे ते आमच्या वाचकांसाठी येथे थोडक्यात सांगतो. पहिली पायरी पॅन आणि आधार यांच्या जोडणीची. ज्यांची जोडणी राहिली त्यांचे पॅन १ जुलै २०२३ पासून निष्क्रिय झाले. निष्क्रिय पॅनवर परतावा मिळत नाही, आणि त्या काळाचे व्याजही मिळत नाही. दुसरी पायरी प्राप्तिकर खात्याच्या संकेतस्थळावर आपले नाव नोंदवण्याची. तेथे आपला पॅन हीच आपली ओळख असते. मोबाइल आणि ई-मेल मात्र स्वतःचाच द्यावा. घरातल्या मुलाचा किंवा सुनेचा दिला तरी चालेल, मध्यस्थाचा कदापि नको. नोंदणी पूर्वीच दुसऱ्या कोणी करून ठेवली असेल तर घाबरण्याचे कारण नाही. आधारशी जोडलेल्या मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीच्या साहाय्याने पासवर्ड बदलता येतो. आत गेल्यावर पहिले काम संपर्काचा तपशील पाहून तो आपला करून घेणे हे.

तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची, आणि नेमकी तीच गाळली जाते. आपल्या नावावर किती कर जमा आहे हे तेथे वाचता येते. २६एएस या नावाने ओळखला गेलेला करजमेचा उतारा, आणि नोव्हेंबर २०२१ पासून त्याच्या जोडीला आलेले वार्षिक माहिती विवरण, या दोहोंत कोणी किती पैसे दिले आणि किती कर कापला याची नोंद असते. आपल्या कारागिराने आपली बिले घेऊन बसावे आणि ओळीला ओळ लावून पाहावे. व्यापाऱ्याने कापले पण भरले नाहीत असे दिसले, तर ते याच वेळी कळते. कर कापला गेल्यावर तोच कर पुन्हा त्या कारागिराकडून वसूल करता येत नाही, असे संरक्षण १९६१ च्या कायद्याने दिलेले आहे. परंतु परतावा हाती पडायचा तर जमा नोंदीत दिसावी लागते. म्हणून व्यापाऱ्याकडे तगादा लावायचा आणि कपातीची पावती जपून ठेवायची, हा शहाणपणा. नोकरदाराच्या बाबतीत ‘फॉर्म १६’ या नावाने सर्वांच्या परिचयाचे झालेले प्रमाणपत्र हेच काम करते. पॅन न देता काम करणाऱ्याचा कर वीस टक्क्यांपर्यंत कापला जाऊ शकतो, हेही लक्षात असावे.

चौथी पायरी बँकेच्या खात्याची. ज्या खात्यात परतावा हवा ते पॅनशी जोडलेले आणि संकेतस्थळावर आधी पडताळून घेतलेले हवे. नावाच्या स्पेलिंगमध्ये पॅन आणि बँक यांत तफावत असली की पैसे अडतात. मराठी माणसाच्या नावात वडिलांचे नाव कोठे घालायचे आणि कोठे गाळायचे या गोंधळाने किती परतावे अडले असतील ते देवच जाणे. पाचवी पायरी विवरणपत्राची. साध्या पगारदाराला ‘सहज’ आणि आपल्या जॉबवर्कवाल्यासारख्या लहान धंदेवाल्याला ‘सुगम’ अशी नावे या नमुन्यांना दिलेली आहेत. लहान धंद्यात उलाढालीच्या आठ टक्के, आणि रक्कम बँकेतून आली असेल तर सहा टक्के, इतका तरी नफा दाखवल्यास तपशीलवार वह्या मागितल्या जात नाहीत. खरा नफा त्याहून जास्त असेल तर जास्तच दाखवावा. निव्वळ दलालीवर जगणाऱ्याला ही सवलत नाही. बरीचशी माहिती नमुन्यात आधीच भरलेली असते. ती डोळे मिटून मान्य न करता वाचावी. शेवटी येणारा परतावा किती हे यंत्रच सांगते.

सहावी पायरी पडताळणीची. विवरणपत्र पाठवले म्हणजे काम झाले असे समजून लोक निर्धास्त होतात. तसे नाही. तीस दिवसांच्या आत आधारवरील ओटीपीने किंवा बँकेच्या मार्गे त्याची पडताळणी करावी लागते, नाहीतर सही केलेली पावती टपालाने बंगळुरूला पाठवावी लागते. पडताळणी वेळेत झाली नाही तर केलेले श्रम वाया जाण्याची पाळी येते. त्यानंतर छाननीचा निर्णय आपल्या ई-मेलवर येतो. जमा झालेला परतावा बँकेने परत पाठवला असेल तर तो पुन्हा देण्याची विनंती त्याच ठिकाणी करता येते.

मुदतीविषयी दोन शब्द. पगारदारांसाठी ही मुदत साधारणतः ३१ जुलै असते. २०२५ मध्ये ती वाढत वाढत १६ सप्टेंबरपर्यंत गेली होती. धंदेवाल्याने त्या त्या वर्षीची आपली तारीख पाहून घ्यावी. तारीख चुकली तरी ३१ डिसेंबरपर्यंत उशिराचे विवरणपत्र भरता येते. करपात्र उत्पन्न असलेल्याला मात्र एक हजार ते पाच हजार रुपयांचे शुल्क पडते. वेळेत भरणाऱ्याला परताव्यावर दरमहा अर्धा टक्का व्याज मिळते. परतावा ठरलेल्या कराच्या दहा टक्क्यांहून कमी असेल तर ते मिळत नाही, आणि मिळाले तर ते व्याजही उत्पन्नात धरावे लागते. त्याहूनही जुन्या वर्षांचे पैसे राहिले असतील तर विलंब माफ करण्याचा अर्ज करता येतो. १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकाने त्यासाठी पाच वर्षांची मर्यादा घातली.

उशिराच्या विवरणपत्रावर परतावा मिळण्याचा हक्क किती थोडक्यात वाचला, हे येथे सांगितले पाहिजे. १९६१ च्या कायद्याची जागा घेणारे विधेयक १३ फेब्रुवारी २०२५ रोजी लोकसभेत आले, त्यात परतावा मागणाऱ्याने मुदतीच्या आतच विवरणपत्र भरले पाहिजे अशी तरतूद होती. म्हणजे आजारपण, स्थलांतर किंवा निव्वळ अज्ञान यांमुळे ज्याची तारीख हुकली, त्याचे पैसे गेलेच म्हणून समजा! बैजयंत पांडा यांच्या अध्यक्षतेखालील निवड समितीने ही अट काढावी असे सुचवले. सरकारने ते मानले आणि सुधारलेले विधेयक ऑगस्टमध्ये संमत झाले. १ एप्रिल २०२६ ही नव्या कायद्याच्या अंमलाची तारीख ठरली. लोकशाहीत कायदा वाचणाऱ्या माणसांचा उपयोग काय, याचे हे छोटेसे पण बोलके उदाहरण आहे.

आमच्या किनाऱ्यावरील वाचकांना सुरतेची ही कथा परक्या गावची वाटू नये, यासाठी घरचाच एक दाखला देतो. गोमंतकात नवरा-बायकोच्या मालमत्तेचा पोर्तुगीज काळापासूनचा सामायिक कायदा चालतो, आणि प्राप्तिकराच्या कायद्यानेही त्याची दखल घेतली आहे. पगार वगळता इतर उत्पन्न दोघांत निम्मे-निम्मे विभागले जाते. सुरतेच्या दक्षिणेला असलेल्या दमणला आणि दादरा-नगरहवेलीलाही हीच तरतूद लागू आहे. बँकेतील मुदत ठेव नवऱ्याच्या नावावर असेल, कर त्याच्याच पॅनवर कापला गेला असेल, तरी निम्मे व्याज आणि निम्मी करजमा बायकोच्या विवरणपत्रात जायला हवी. ‘सहज’ हा सोपा नमुना अशा दांपत्यासाठी नसतो. बायकोने विवरणपत्रच भरले नाही तर तिच्या वाट्याचा परतावा मागणार कोण? फोंड्याच्या किंवा डिचोलीच्या एखाद्या निवृत्त शिक्षकाच्या घरी चतुर्थीच्या माटोळीचा खर्च निघेल एवढी ही रक्कम असू शकते. ती केवळ न मागितल्यामुळे पडून राहावी, हे घरातल्या बाईवर होणाऱ्या अन्यायाचेच एक रूप आहे, असे आम्ही मानतो.

नागरिकाला त्याचे कर्तव्य सांगितल्यावर सरकारला त्याचे कर्तव्य सांगणे हे आमचे काम आहे, आणि तेथे सरकारची बाजू निर्दोष नाही. ७ जून २०२१ रोजी वाजतगाजत सुरू झालेले नवे संकेतस्थळ पुढले कित्येक आठवडे धडपणे चालत नव्हते. अखेर ते बांधणाऱ्या कंपनीच्या प्रमुखांना अर्थमंत्र्यांनी बोलावून घ्यावे लागले. वर्षानुवर्षांच्या जुन्या, क्षुल्लक आणि कित्येकदा चुकीच्या मागण्या नोंदीत तशाच ठेवून त्यांपोटी प्रामाणिक माणसाचे परतावे अडवले जात होते. त्यांतल्या लहान मागण्या रद्द करण्यास फेब्रुवारी २०२४ उजाडावा लागला, आणि त्याचा लाभ सुमारे एक कोटी करदात्यांना होईल असे सांगताना आजवर एवढ्या लोकांना त्रास होत होता ही कबुलीही सरकारने नकळत दिली. २०२५ च्या अखेरीस खोट्या मागण्यांच्या तपासणीसाठी अनेक परतावे रोखून धरण्यात आले. लबाडांना पकडावे हे खरे. पण लबाडांसाठी टाकलेल्या जाळ्यात ज्याचा दोष नाही त्याला महिनोन्‌महिने तिष्ठत ठेवणे न्यायाचे नव्हे.

आणखी एक गोष्ट भाषेची. गल्लीतल्या मध्यस्थाजवळ कोणती विद्या आहे? त्याला कायदा येत नाही, त्याला इंग्रजी शब्द कोठे टिचकी मारायची हे सांगतात एवढेच. सुरत महानगरपालिका मराठी माध्यमाच्या शाळा चालवते. ज्या शहरात मुलाला मराठीतून गणित शिकवता येते, त्या शहरात त्याच्या बापाला मराठीतून किंवा गुजरातीतून आपल्या कराचा हिशेब का सांगता येऊ नये? मजुरा गेटच्या आयकर भवनापर्यंत लिंबायतेचा मजूर जात नाही. त्याची एक दिवसाची मजुरी बुडते, आणि त्या इमारतीची त्याला भीतीही वाटते. जुलै-ऑगस्टात खात्याने उधन्यात, लिंबायतेत, आणि आमच्याकडे मडगावात, म्हापशात, वास्कोच्या कामगार वस्तीत त्यांच्या भाषेतले मदत-मेज मांडावे. खर्च नगण्य आहे, आणि लबाडीला आळा घालण्याचा झडत्यांहून तो स्वस्त उपाय आहे.

सरकार करील तेव्हा करील. सुरतेतील मराठी मंडळे आणि गणेशोत्सव मंडळे यांनी, तसेच आमच्या गावोगावच्या वाचनालयांनी आणि देवस्थानच्या सभागृहांनी, वर्षातले दोन रविवार या कामाला दिले तर काय बिघडेल? महाविद्यालयात वाणिज्य शिकणारी मुले-मुली शेजारी बसतील, पण कळ दाबेल तो करदाताच आणि पासवर्ड लिहील तोही करदाताच. दुसऱ्याचा ओटीपी विचारायचा नाही, हा पहिला नियम. ‘आपला परतावा मंजूर झाला आहे, या दुव्यावर टिचकी मारा’ असा संदेश आला तर तो पुसून टाकायचा, हा दुसरा; कारण प्राप्तिकर खाते कोणाचाही बँकेचा पासवर्ड किंवा पिन विचारीत नाही. खोटी वजावट एक रुपयाचीही लिहायची नाही, हा तिसरा. बारडोलीत वह्या घेऊन बसणाऱ्यांनी नेमके हेच काम केले होते. त्यांनी शेतकऱ्याच्या वतीने लढाई मारून नेली नाही, त्याला आपला हिशेब वाचायला शिकवले.

सहा हजार दोनशे ही रक्कम सरकारच्या तिजोरीत थेंबाएवढी नसेल. लिंबायतेच्या त्या खोलीत मात्र ती मुलाची वह्या-पुस्तके आहे, यंत्राची दुरुस्ती आहे, गावी परतण्याचे तिकीट आहे. ती ज्याची त्याला पुरती मिळावी, तिच्यातला हिस्सा तोडला जाऊ नये, आणि ती मिळवताना एका प्रामाणिक माणसाचे नाव खोट्या कागदावर चढू नये, एवढाच या लेखाचा हेतू आहे. येत्या हंगामात आमच्या वाचकांपैकी प्रत्येकाने आपले विवरणपत्र आपल्या हाताने भरावे. ज्याला येते त्याने शेजारच्या एकाला शिकवावे. आणि ज्याने आजवर आपली किल्ली दुसऱ्याच्या हाती दिली असेल, त्याने आज रात्री प्रथम ती परत घ्यावी. पासवर्ड बदलायला पाच मिनिटे लागतात.